वरच्यांचं मशीन, खालच्यांचं छत

आमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत एक ठराव आला होता: तिसऱ्या मजल्याच्या वर कुणीही फ्रंट लोड वॉशिंग मशीन वापरू नये. कारण असं दिलं होतं की वर स्पिन सुरू झाला की खालच्या घरात मांडणीवरचे स्टीलचे डबे वाजतात, आणि रोज असे हादरे बसले तर स्लॅबला तडे जातील. ठराव मांडणाऱ्या काकूंचा त्रास खरा होता. त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून मी स्वतः तो आवाज ऐकला आहे. तड्यांची भीती मात्र खरी नाही. या दोन गोष्टी वेगळ्या का आहेत हे सभेच्या गडबडीत पाच मिनिटांत सांगता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी वजनाचं बघू, ते लवकर संपतं. फ्रंट लोड मशीन साधारण ६५ ते ७० किलोचं असतं. त्यात कपडे आणि पाणी धरलं तर ९० किलो. घराच्या खोल्यांचा स्लॅब आपल्याकडे आयएस ८७५ या मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो इतका वापराचा भार धरून काढतात. बाल्कनीला ३ किलोन्यूटन धरतात. दोन माणसं गप्पा मारत उभी राहिली तर मशीनपेक्षा जास्त वजन होतं. आणि तिसरा मजला काय, अकरावा काय, प्रत्येक मजल्याचा स्लॅब आपापल्या बीमवर बसलेला असतो. वर गेल्याने तो नाजूक होत नाही.

मग तडे? आपलं शरीर कंपनांच्या बाबतीत फार हळवं आहे. घरात शांत बसलेलं असताना जमिनीच्या कंपनाचा वेग सेकंदाला ०.३ मिलिमीटर झाला तरी तो आपल्याला जाणवतो. त्याच्या तिप्पट झाला की माणसं तक्रार करतात. पण प्लास्टरला केसासारखा बारीक तडा जायचा धोका, बीएस ७३८५ या ब्रिटिश मानकानुसार, मशीनच्या कंपनांच्या टप्प्यात सेकंदाला २० मिलिमीटरच्या आसपास सुरू होतो. कंपन सतत चालणारं असेल म्हणून तो आकडा निम्मा धरा, तरी जाणवणं आणि तडा जाणं यांत तीसपटीहून जास्त अंतर राहतं. काकूंच्या छतावर जे तडे आहेत, ते मी पाहिले. ते पंख्याच्या वायरसाठी छत खोदून नंतर भरलेल्या रेघेवरचे आहेत.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, आणि फिरणाऱ्या वस्तूंचा तोल समजावून सांगायला फ्रंट लोड मशीनइतकं चांगलं उदाहरण घरात दुसरं नाही.

ड्रमची त्रिज्या २५ सेंटिमीटर धरू. पाण्याची बादली उभ्या वर्तुळात गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, हे आपण लहानपणी केलेलं असतं. ड्रममधल्या कपड्यांचंही तसंच. मिनिटाला सुमारे ६० फेऱ्या झाल्या, म्हणजे सेकंदाला एक, की कपडे वरून खाली पडायचे थांबतात आणि कडेला चिकटून फिरू लागतात. धुताना मशीन या वेगाच्या खालीच राहतं, कारण कपडे आपटायला हवे असतात. स्पिनच्या आधी ते ८०-९० फेऱ्यांवर जातं आणि तिथे थांबून कपडे नीट पसरलेत का ते तपासतं. जड बाजू वर चढताना मोटरला जोर लागतो आणि ड्रम किंचित मंदावतो, खाली येताना किंचित धावतो. हा चढउतार मशीनमधलं सर्किट मोजतं, आणि तो जास्त असेल तर ड्रम उलटसुलट फिरवून कपडे पुन्हा पसरायचा प्रयत्न करतं.

सोलापुरी चादर एकटीच धुवायला टाकून पाहा. भिजली की तिचं वजन दुपटीच्या वर जातं, आणि ती गोळा होऊन ड्रमच्या एकाच बाजूला बसते. पडद्यावर ९ मिनिटं राहिली असं दिसतं आणि पाऊण तास ९ मिनिटंच दिसत राहतात. "मशीन अडकलं" म्हणून मेकॅनिकला फोन जातो. ते अडकलेलं नसतं. समोर जे वजन आहे ते घेऊन १२०० फेऱ्यांवर जाणं बरं नाही, हे त्याने मोजून ठरवलेलं असतं. चादरीसोबत दोन टॉवेल आणि चार शर्ट टाकले की पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात काम होतं.

१२०० फेऱ्या म्हणजे किती? सेकंदाला २०. या वेगाला ड्रमच्या कडेवरचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट होतो. समजा अर्धा किलो कपडा एका बाजूला जास्त आहे. तो अर्धा किलो ड्रमला बाहेर ओढतो २०० किलोच्या जोराने, आणि या ओढीची दिशा सेकंदाला वीस वेळा गोल फिरते. मशीनचं स्वतःचं वजन ७० किलो. हा जोर थेट पायांपर्यंत पोचला असता तर मशीन उड्या मारत दारापर्यंत गेलं असतं. नवं मशीन आणल्यावर मागचे ट्रान्झिट बोल्ट काढायचे राहून गेले तर नेमकं हेच होतं, कारण त्या बोल्टनी आतला टब बाहेरच्या पेटीला जखडलेला असतो.

बोल्ट काढल्यावर टब वरून दोन स्प्रिंगांना लटकतो आणि खालून डॅम्परवर, म्हणजे घर्षणाने डुलणं शोषणाऱ्या दांड्यांवर, टेकतो. आता एक प्रयोग करा. रबरबँडला किल्ल्यांचा जुडगा बांधा आणि दुसरं टोक हातात धरा. हात अगदी सावकाश वरखाली केला की जुडगा हाताबरोबर वरखाली जातो. वेग थोडा वाढवा. एका ठराविक ठेक्याला जुडगा वेड्यासारखा उसळतो. आणखी वेग वाढवा, अगदी भराभर. हात हलतोय आणि जुडगा जवळजवळ जागेवर उभा आहे! त्या उसळण्याच्या ठेक्याला त्या प्रणालीची नैसर्गिक वारंवारता म्हणतात. तिच्याशी जुळणारा धक्का मोठा होत जातो, त्याला अनुनाद म्हणतात. आणि तिच्या बऱ्याच वर गेलं की धक्का पलीकडे जवळजवळ पोचतच नाही.

फ्रंट लोड मशीन याच शेवटच्या अवस्थेत काम करतं. टबची नैसर्गिक वारंवारता सेकंदाला अडीच-तीन कंपनं, म्हणजे मिनिटाला १५०-१८० फेऱ्या. स्पिन सुरू होताना आणि थांबताना मशीन काही सेकंद जोरात डुलतं ते या टप्प्यातून जाताना. तेवढ्यापुरता डॅम्पर उपयोगी पडतो. तो टप्पा ओलांडला की एक सुंदर गोष्ट घडते. जड कपडा उजवीकडे असतो तेव्हा टब डावीकडे सरकलेला असतो. म्हणजे टब आणि कपडे मिळून आपल्या एकत्रित गुरुत्वमध्याभोवती फिरू लागतात, आणि ओढाताण जवळपास आपसात मिटते.

हे शक्य आहे यावर एकेकाळी मोठ्या शास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता. स्कॉटिश अभियंते रँकिन यांनी १८६९ मध्ये गणित मांडून सांगितलं होतं की फिरणारा दांडा आपल्या नैसर्गिक वारंवारतेच्या वेगापलीकडे स्थिर राहूच शकत नाही. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी पुढच्या वीसेक वर्षांत आपल्या वाफेच्या टर्बाइनला मुद्दाम लवचिक दांडा बसवला आणि मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत चालवून दाखवला. त्याचं पटणारं स्पष्टीकरण अभियंते जेफकॉट यांनी १९१९ मध्ये दिलं. तुमच्या ड्राय बाल्कनीतला टब हे त्याच टर्बाइनचं भावंड आहे.

आकडे पाहा. त्या अवस्थेत टब किती हलतो ते काढायला जास्तीचं वजन गुणिले त्रिज्या, भागिले सगळं हलणारं वजन. अर्धा किलो गुणिले २५० मिलिमीटर, भागिले ५० किलो: अडीच मिलिमीटर. यात वेग कुठेच नाही! ८०० फेऱ्या असोत की १२००, टब अडीच मिलिमीटरच हलतो. म्हणूनच कारखान्यात टबला काँक्रीटचे जाड ठोकळे बांधतात. भागाकारातला खालचा आकडा वाढावा यासाठी ते आहेत. आता स्प्रिंग. अडीच कंपनांच्या हिशेबाने ती मिलिमीटरला सव्वा किलो जोर लावते, म्हणजे पेटीवर येणारा जोर तीन किलोच्या आसपास. डॅम्परचं घर्षण त्यात आणखी थोडी भर घालतं. आत २०० किलो, बाहेर काही किलो. हे गणित मी दरवर्षी फळ्यावर करतो आणि दरवर्षी मला त्याचा आनंद होतो.

मग काकूंचे डबे का वाजतात? कारण उरलेले ते काही किलोही सेकंदाला वीस वेळा, आणि फ्रंट लोडमध्ये वरखाली बसतात. ड्रमचा आस आडवा आहे, त्यामुळे जोर उभ्या पातळीत फिरतो. टॉप लोडचा आस उभा, त्याचा जोर मुख्यतः आडवा. स्लॅब आडव्या दिशेने प्रचंड ताठ असतो, वाकतो तो वरखालीच. आणि स्लॅबलाही स्वतःची नैसर्गिक वारंवारता असते.

याचा सगळ्यात चांगला दाखला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी मिळाला. ती नॉर्थ कॅरोलायनात राहते. तिथली नवी दुमजली घरं लाकडाच्या सांगाड्याची असतात आणि कपडे धुण्याची खोली वर, बेडरूमशेजारी असते. कपडे जिथे निघतात तिथेच धुवायचे, ही सोय. पण तिथल्या जमिनीखाली दर १६ इंचांवर एक लाकडी तुळई आणि वर पाऊण इंच जाडीची फळी, बस्स. आपला पाच इंची स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातो, तिथली जमीन ५० किलोच्या आसपास. तिने व्हिडिओवर दाखवलं, ड्रेसरवरची अत्तराची बाटली सरकत कडेला आली होती. "दादा, मी स्पिन १२०० वरून ८०० वर आणला, तर आणखीच वाढलं गं बाई असं म्हणायची वेळ आली," म्हणाली.

मी तिला फोनवर फायफॉक्स घ्यायला सांगितलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं हे ॲप मोफत आहे आणि फोनमधल्या प्रवेगमापकाने कंपनांची वारंवारता दाखवतं. फोन जमिनीवर ठेवला आणि मशीन बंद असताना तिच्या मुलाला शेजारी टाच आपटायला लावली. आलेखात शिखर आलं १४ हर्ट्झजवळ, म्हणजे सेकंदाला १४ कंपनं. ८०० फेऱ्या म्हणजे १३.३ हर्ट्झ! वेग कमी करून तिने मशीन नेमकं जमिनीच्या ठेक्यावर आणून ठेवलं होतं. १२०० ला ते या ठेक्यातून काही सेकंदांत पार होऊन २० हर्ट्झवर जात होतं. नंतर त्यांनी मशीन खोलीच्या मधून उचलून खाली भिंत असलेल्या कडेला, तुळयांच्या टोकाशी घेतलं, आणि पायाखाली तीन-चार तुळयांवर पसरेल अशी जाड प्लायवूडची पाटी स्क्रूने घट्ट बसवली. बाटली आता सरकत नाही.

इथे बाजारात मिळणाऱ्या रबरी पॅडांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. "कंपन शून्य" असं पाकिटावर लिहिलेलं असतं. वजनाखाली पॅड किती दबतो यावरून त्याची नैसर्गिक वारंवारता निघते: दबलेल्या सेंटिमीटरांचं वर्गमूळ काढायचं आणि ५ ला त्याने भागायचं. पॅड एक मिलिमीटर दबला तर उत्तर येतं जवळपास १६ हर्ट्झ, म्हणजे साडेनऊशे फेऱ्या. स्पिनच्या ऐन मध्यावर! २० हर्ट्झचं कंपन खरंच अडवायचं तर ५ हर्ट्झचा पॅड हवा, म्हणजे तो एक सेंटिमीटर दबायला हवा, आणि एवढ्या मऊ पायांवर मशीन डुलत राहील. पातळ पॅड घसरणं थांबवतात, तेवढ्यासाठी घ्या. चाकांचे लोखंडी स्टँड तर घेऊच नका. चार काटकुळ्या पायांवर उंच चढवलेलं मशीन म्हणजे आणखी एक स्प्रिंग, तीही डॅम्परशिवाय.

सभेत एकांनी असंही सुचवलं की मशीन वायव्येला हलवलं तर कंपनं थांबतील, वास्तुतज्ज्ञाने तसं सांगितलंय. त्या सल्ल्याचे पैसे घेतले गेले होते, याचं मला वाईट वाटतं. स्लॅबला दिशा कळत नाही. त्याला कळतं ते बीमपासूनचं अंतर. बीमच्या जवळ तो ताठ, मधोमध लवचिक. वायव्येला बीम असेल तर फरक पडेल, आग्नेयेला असेल तर तिथेही पडेल.

वरच्या मजल्याची खरी काळजी पाण्याची आहे. अगदी शेवटच्या मजल्यावर टाकी डोक्यावर तीनच मीटर असते, म्हणजे दाब ०.३ बार, आणि बऱ्याच मशीनना पाणी घ्यायला किमान एवढा दाब लागतोच, काहींना याहून जास्त. आणि ड्राय बाल्कनीचा नहाणी ट्रॅप तुंबला किंवा इनलेटचा पाइप फुटला तर खालच्या छताला जी ओल येते ती कंपनांपेक्षा शंभरपट नुकसान करते. बाहेरगावी जाताना मशीनचा नळ बंद करा.

काकूंच्या वरच्या घरात आम्ही तिघं रविवारी गेलो. स्टँड काढून टाकला, मशीन दीड फूट सरकवून बीमच्या बाजूला घेतलं. एक पाय जमिनीला टेकत नव्हता, तो पाना लावून टेकवला आणि चारही पायांचे लॉकनट आवळले. मग खाली जाऊन मांडणीवर फोन ठेवला आणि वर दोन टॉवेल, चार शर्ट आणि एक चादर घालून १२०० चा स्पिन लावला. २० हर्ट्झचं शिखर आधीच्या चौथ्या हिश्शावर आलं होतं. एक डबा तरीही बारीक वाजत होता. काकूंनी त्याचं झाकण उघडलं, आत तळाशी मूठभर शेंगदाणे होते. त्यांनी तो गच्च भरला आणि पुढच्या स्पिनला तोही गप्प राहिला.