पवनचक्क्या पाऊस पळवत नाहीत

‘पवनचक्क्या आल्या आणि पाऊस गेला.’ सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात हे वाक्य वीसेक वर्षं ऐकू येतंय. पाती ढग पिटाळतात, असा समज आहे. तो चुकीचा आहे.

सह्याद्रीच्या पठारांवरच्या त्या जुन्या चक्क्या पात्यांच्या टोकापर्यंत धरल्या तरी शंभरेक मीटर उंच. मान्सूनचा बाष्पभरला प्रवाह कित्येक किलोमीटर जाडीचा असतो. पात्यामागे थोड्या अंतरापर्यंत वारा मंदावतो आणि खालीवर मिसळतो, एवढं खरं. त्यापुढे त्याची ताकद नाही. माण-खटाव कोरडा राहतो तो घाटमाथा ढगांना आधीच रिकामं करतो म्हणून. १९७२चा दुष्काळ आठवा. देशातल्या पहिल्या पवन प्रकल्पांना, ज्यांत आपलं देवगडही होतं, तेव्हा चौदा वर्षं अवकाश होता. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली महापुरात बुडाली, तेव्हा चक्क्या जागेवरच होत्या!

जमिनीचा मोबदला, खराब झालेले रस्ते या तक्रारी वेगळ्या आहेत. त्या ऐकल्याच पाहिजेत.

मला या समजाची काळजी वाटते ती विजेमुळे. आपल्याकडे वारा सर्वाधिक वाहतो जून ते सप्टेंबर, नेमकी सौरऊर्जा मंदावते तेव्हा. पावसात कोळसा खाणींत पाणी भरतं. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये देशातल्या औष्णिक केंद्रांकडे सरासरी जेमतेम चार दिवसांचा कोळसा उरला होता. वारा जहाजाने आयात करावा लागत नाही.