धक्का स्टार्ट (जड गाड्यांचा)

सेल्फ लागत नाही म्हणून गाडी माणसांनी ढकलायची आणि जरा वेग आला की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन चालू करायचं, याला धक्का स्टार्ट म्हणतात. बस डेपोत, ट्रक टर्मिनलला, गॅरेजात हे चालतंच, कधीकधी तर नुसती पिटवर (खालून काम करायच्या खड्ड्यावर) घ्यायलासुद्धा बस ढकलतात.

ढकलण्यापेक्षा थांबवणं अवघड असतं. सपाट डांबरी रस्त्यावर 10 टनाची बस चालती ठेवायला साधारण 60 ते 100 किलोचा जोर पुरतो, चार-पाच जणांना जमतं. पण शंभर फुटाला दोन फूट उतार, जो डोळ्याला धड दिसतही नाही, तिथे तीच बस 200 किलोच्या जोराने स्वतःच खाली ओढते आणि एकदा निघाली की हाताने थांबणं विसरा. त्यात इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड, ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद म्हणजे टाकीत उरलेल्या हवेवरच ब्रेक, पॅडल दाबाल तशी तीही कमी.

हवा संपली की मागचे स्प्रिंग ब्रेक (हँडब्रेकही हेच, हवा त्यांची स्प्रिंग दाबून धरते) आपोआप आवळतात, ही सोय मुद्दाम दिलेली आहे. गाडी हलावी म्हणून ब्रेक चेंबरच्या बोल्टने स्प्रिंग मागे घेतात, मग त्या चाकांना हँडब्रेक राहतच नाही आणि बऱ्याचदा ड्रायव्हरला कोणी सांगतही नाही, हे फार वाईट आहे. आधी चाकांना पुढून-मागून गुटके (अडवणीचे ठोकळे), मगच बोल्ट.

क्लच सोडला की गाडी क्षणभर अडते, मागून पळणाऱ्याची छाती फाळक्यावर आपटते, आणि लगेच इंजिन पकडलं की गाडी झटक्यात निघते आणि रेलून ढकलणारा तोंडावर पडतो. म्हणून कोपर थोडे वाकलेले ठेवायचे, पायात बूट हवेत, टायरला हात लावायचा नाही, इशारा एकानेच द्यायचा. गाडी आणि भिंत किंवा दुसरी गाडी यांच्यामध्ये तर कोणीच नको, अगदी 'जरा बघतो' म्हणूनही नको.

कामगाराला इजा होईल इतका जड भार हलवायला लावू नये, असं कारखाने अधिनियम 1948 चं कलम 34 सांगत होतं; 2025 पासून त्या अधिनियमाच्या जागी नवी कामगार संहिता आहे. अपघात झाला की 'त्याचंच लक्ष नव्हतं' म्हणून मोकळं होणाऱ्या मालकांनी ते वाचायला हवं.

बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीची बॅटरी पूर्ण उतरली असेल तर इंजिनचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटच चालत नाही, कितीही ढकला. तिथे दुसऱ्या 24 व्होल्टच्या गाडीवरून जंपर केबल लावायची, नाहीतर सरळ टोचन.