पृथ्वी गोल आहे, पण कशावरून?

मे महिन्याच्या १३-१४ तारखेला पुण्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशी जाते आणि थोडा वेळ दिसेनाशी होते. शून्य सावलीचा दिवस. दरवर्षी मी पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, ओळंबा आणि खडू घेऊन सोसायटीच्या गच्चीवर जातो. सुट्टी असल्यामुळे पोरंटोरं हाताशी असतात. ऊन चुकवायला एकमेकांच्या सावलीत उभं राहायला बघतात, आणि नेमकी त्या वेळी तीही मिळत नाही.

मागच्या वर्षी सावली गेली आणि मी ठरलेली गोष्ट सुरू केली. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातला इरॅटोस्थेनिस, दोन गावं, एकाच दिवशी एका गावात सावली नाही आणि दुसऱ्या गावात आहे, म्हणून पृथ्वी गोल. तेव्हा आठवीतली एक मुलगी म्हणाली, "पण काका, हे कशावरून? जिन्यातल्या दिव्याच्या बरोबर खाली उभं राहिलं तर सावली पडत नाही, दोन पावलं सरकलं की पडते. जिन्याची फरशी कुठे गोल आहे?"

मी गप्प. बरोबर होतं तिचं.

दोन गावं एकमेकांपासून ८०० किलोमीटर लांब आहेत आणि दुसऱ्या गावातली सावली ७.२ अंशांचा कोन दाखवते, एवढंच हातात असेल तर त्याचे दोन अर्थ लागतात. एक, सूर्य फार लांब आहे आणि जमीन वाकलेली आहे. दुसरा, जमीन सपाट आहे आणि सूर्य जेमतेम ६,३०० किलोमीटर उंचीवर टांगलेला आहे. गणित दोन्हीकडे चोख बसतं. प्राचीन चिनी गणितज्ञांनी हा दुसरा अर्थ घेतलाही होता. आठ चिनी फुटांची काठी उभी करून, जमीन सपाट धरून, त्यांनी सूर्याची उंची ८०,००० ली (अंतराचं चिनी माप) काढली होती. हिशेबात ते कुठेही कच्चे नव्हते.

मग इरॅटोस्थेनिसला पहिलाच अर्थ का घ्यावासा वाटला? तर त्याच्या आधी शंभर वर्षं 'कशावरून' या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी देऊन ठेवलं होतं. पाश्चात्त्य संस्कृतीचा पाया ग्रीकांनी घातला असं आपण सर्रास वाचतो, आणि डोळ्यांसमोर येतात संगमरवरी खांब, ऑलिंपिक आणि सॉक्रेटिसचा विषाचा पेला. मला विचाराल तर पाया असलाच तर तो या एका प्रश्नात आहे.

उत्तर देणारा होता ॲरिस्टॉटल, इ.स.पू. चौथ्या शतकातला. त्याचा पहिला पुरावा चंद्रग्रहणाचा. ग्रहणात चंद्रावर सरकत येणारी पृथ्वीच्या सावलीची कड दर वेळी वर्तुळाकारच असते. आता सावली तर थाळीचीही गोल पडते. पण थाळी दिव्यासमोर तिरकी धरून पाहा, सावली लांबट होते, आणखी फिरवली तर नुसती रेघ उरते. ग्रहणं कधी मध्यरात्री होतात, कधी चंद्र उगवताना, कधी मावळताना. म्हणजे सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर दर वेळी वेगळ्या बाजूने येत असतो, आणि तरी सावली वर्तुळाकार ती वर्तुळाकारच. कुठूनही पाहिलं तरी गोल सावली टाकणारी वस्तू एकच, चेंडू.

दुसरा पुरावा ताऱ्यांचा. इजिप्त आणि सायप्रसमध्ये दिसणारे काही तारे उत्तरेकडे गेलं की दिसत नाहीत, असं तो लिहितो. ताऱ्याचं नाव त्याने दिलेलं नाही, पण आपल्या अगस्त्यावर हे सहज पडताळता येतं. हिवाळ्यात व्याधाच्या बराच खाली, दक्षिण क्षितिजाजवळ चमकणारा हा तारा महाराष्ट्रातून छान दिसतो. अलेक्झांड्रियातून तो क्षितिजाला लगटून जातो आणि अथेन्समधून उगवतच नाही. सपाट जमिनीवर असं व्हायचं कारण नाही.

याच ठिकाणी ॲरिस्टॉटलने एक गमतीदार माती खाल्ली आहे. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीजवळ हत्ती आहेत, हिंदुस्थानातही हत्ती आहेत, तेव्हा ही दोन टोकं जवळजवळ असावीत असं म्हणणारे अगदीच काही अविश्वसनीय बोलत नाहीत, असं तो म्हणतो. पण या चुकीतही त्याने हत्तीचा दाखला समोर ठेवला आहे, आणि म्हणूनच तो खोडता येतो. 'माझ्या गुरूंनी सांगितलं' याला खोडायचं कसं?

आता इरॅटोस्थेनिस. जन्म इ.स.पू. २७६च्या आसपास सायरीनचा, म्हणजे आजच्या लिबियातला. इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याने त्याला अलेक्झांड्रियाला बोलावलं आणि तिथल्या ग्रंथालयाची जबाबदारी दिली. भूगोल, कालगणना, कविता, अविभाज्य संख्या चाळून काढायची रीत, सगळ्यात त्याला गती होती. समकालीन त्याला 'बीटा' म्हणत. ग्रीक वर्णमालेतलं दुसरं अक्षर, म्हणजे प्रत्येक विषयात हा दुसऱ्या नंबरचा. विद्वानांमधला कुजकटपणा बावीसशे वर्षांत फारसा बदललेला दिसत नाही.

पृथ्वी गोल आहे हे त्याला सिद्ध करायचं नव्हतं, ते झालेलं होतं. त्याला घेर हवा होता. सायीन, म्हणजे आजचं अस्वान, तिथे वर्षातल्या सर्वात मोठ्या दिवशी मध्यान्हीला सावली पडत नाही हे लोकांना ठाऊक होतं. त्याच दिवशी अलेक्झांड्रियात एका अर्धगोल वाडग्याच्या मध्यभागी उभ्या केलेल्या काटकीची सावली पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग भरली. 'सात अंश' असं त्याने म्हटलेलं नाही. वर्तुळाचे ३६० भाग करायची बाबिलोनी पद्धत ग्रीकांमध्ये रुळायला अजून वेळ होता. सूर्य फार लांब म्हणून त्याचे किरण समांतर, आणि समांतर रेषांना एक छेदिका. पुढचं आपण शाळेत केलेलं आहे, व्युत्क्रम कोन समान. काटकीपाशी जो कोन तोच पृथ्वीच्या पोटात. दोन गावांमधलं अंतर ५,००० स्टेडिया (स्टेडियन हे ग्रीकांचं अंतराचं माप), म्हणून घेर त्याच्या पन्नासपट, २,५०,००० स्टेडिया. पुढे ६० ने भाग जावा म्हणून तो २,५२,००० केला गेला.

हे किती अचूक होतं? स्टेडियन नेमका केवढा यावर एकमत नाही. १५७ मीटर धरला तर घेर ४०,००० किलोमीटरच्या अगदी जवळ जातो, १८५ मीटर धरला तर ४६,०००च्या वर. त्याच्या अचूकतेचे पोवाडे गाताना बहुतेक जण सोयीचा स्टेडियन निवडतात. शिवाय अस्वान कर्कवृत्ताच्या थोडं उत्तरेला आहे, आणि अलेक्झांड्रिया त्याच्या सरळ उत्तरेला नाही, सुमारे तीन अंश पश्चिमेला आहे. काही चुका एकमेकींना कापून गेल्या. मला त्याच्या उत्तरापेक्षा उत्तराची मांडणी मोठी वाटते. पाच हजार हा आकडा चुकला असेल तर कुणीही पुन्हा मोजावा, बाकीचं गणित जिथल्या तिथे राहतं. आपण कुठे चुकलो असू हे त्यानेच दाखवून ठेवलं आहे.

त्याच्या थोडा आधीचा सामोसचा ॲरिस्टार्कस याहून धाडसी. चंद्र बरोबर अर्धा दिसतो तेव्हा पृथ्वी, चंद्र आणि सूर्य यांचा काटकोन त्रिकोण होतो, हे त्याने ओळखलं. पृथ्वीवरचा कोन ८७ अंश धरून त्याने सूर्य चंद्राच्या १८ ते २० पट लांब असल्याचं काढलं. खरा कोन ८९.८५ अंश आणि खरं अंतर जवळपास ३९० पट. तीन अंशांचीही चूक नाही, पण उत्तर वीसपट हुकलं. तरीही सूर्य पृथ्वीपेक्षा बराच मोठा आहे एवढं त्यातून निघालंच. सूर्य मध्यभागी आणि पृथ्वी त्याच्याभोवती, हेही त्याने मांडलं. आपल्याला ते आर्किमिडीजच्या लिखाणातून कळतं.

ते मान्य झालं नाही, याचा दोष आपण सहसा जुन्या लोकांच्या आडमुठेपणावर टाकतो. पण या मताविरुद्धचा आक्षेप चांगला दमदार होता. पृथ्वी एवढी मोठी फेरी मारत असेल तर जवळचे तारे सहा महिन्यांत जरा तरी सरकलेले दिसायला हवेत, चालत्या गाडीतून झाडं सरकतात तसे. ते दिसत नव्हते. तारे कल्पनेपलीकडे लांब आहेत एवढंच त्यावरचं उत्तर होतं, आणि ते पळवाटेसारखं वाटणं साहजिक होतं. ताऱ्याचं हे सरकणं पहिल्यांदा खात्रीने मोजलं ते बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने, १८३८ साली. एका अंशाचा पाच हजारावा भागही नव्हतं ते. उघड्या डोळ्यांनी कुणाला दिसणार?

पुराव्याची ही खोड ग्रीकांनाच इतकी का जडली? काही इतिहासकार त्याचं मूळ न्यायालयात शोधतात. अथेन्सच्या अगोऱ्यात, म्हणजे चावडी आणि बाजार एकत्र असलेल्या चौकात, उत्खननात मातीचं एक भांडं मिळालं. साध्या कुंडीसारखं, बुडाशी पाणी निघून जायला छोटी नळी. त्यात सुमारे साडेसहा लिटर पाणी मावतं आणि ते सहा मिनिटांत रिकामं होतं. खटल्यात बोलायला उभं राहिलं की बूच काढायचं. पाणी संपलं, भाषण संपलं. वादी-प्रतिवादींना पाणी सारखं. डेमॉस्थेनिस हा वक्ता एका खटल्यात आव्हान देतो, कुणाजवळ पुरावा असेल तर त्याने आत्ता माझ्या पाण्यात उठून दाखवावा. समोर शेकड्यांनी पंच बसलेले, कुणी शेतकरी, कुणी कारागीर. त्यांना पटवायचं तर नुसतं घराणं आणि वय सांगून भागत नसे, समोरचा लगेच कशावरून म्हणून विचारणार. ही सवय सभेतून भूमितीत गेली, असा तो तर्क. मला तो पटतो, पण पुरता नाही. बायकांना आणि गुलामांना या पाण्यात सहसा बोलता येत नसे, आणि याच न्यायालयाने इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला.

आणि ही वारसदारी एकट्या पश्चिमेच्या नावावर लिहून टाकण्यातही घाई आहे. सायरीन आणि अलेक्झांड्रिया आफ्रिकेत. पहिला तत्त्वज्ञ म्हणतात तो थेलीस मिलेटसचा, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचा. ग्रहणांच्या शेकडो वर्षांच्या नोंदी बाबिलोनच्या. ॲरिस्टॉटल आणि टॉलेमी (हा खगोलशास्त्रज्ञ, मघाचा राजा नव्हे) युरोपच्या विद्यापीठांत पोचले ते मोठ्या प्रमाणावर अरबीतून, बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोसारख्या गावी लॅटिनमध्ये उतरून. त्याआधी नवव्या शतकात बगदादच्या खलिफा अल-मामूनने आजच्या इराकमधल्या सिंजारच्या सपाट प्रदेशात आपले ज्योतिर्विद पाठवले होते. ध्रुवाची उंची एक अंशाने बदलेपर्यंत चाला आणि अंतर मोजा! जुना आकडा मान्य करण्याऐवजी त्यांनी तो नव्याने मोजला. मूळ ग्रीक रिवाज या लोकांनी पाळला.

आपल्याकडेही धागा आला आहे. 'केंद्र' हा शब्द ग्रीक 'केंत्रॉन'चा, म्हणजे अणकुचीदार टोक, वर्तुळ काढताना कंपासाचं जमिनीत रुततं ते. 'होरा'ही तिकडचाच. सहाव्या शतकातला वराहमिहिर सांगतो की यवन, म्हणजे ग्रीक, म्लेंच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात. पुढे 'केंद्र' प्राथमिक आरोग्यापासून सरकारापर्यंत सगळीकडे बसलं आणि टोक कुठलं ते आपण विसरलो.

तपासायचं सोडून सोयीचा आकडा घेतला की काय होतं त्याचं ठळक उदाहरण कोलंबस. त्याच्या विरोधकांना पृथ्वी सपाट वाटत होती ही शाळेत ऐकलेली गोष्ट विसरा. ती गोल आहे हे दोन्ही बाजूंना मान्यच होतं, भांडण घेरावर होतं. टॉलेमीने इरॅटोस्थेनिसचा आकडा बाजूला ठेवून १,८०,००० स्टेडियाचा छोटा घेर घेतला होता. कोलंबसाने त्यात अरबी मैल इटालियन समजून आणखी काटछाट केली आणि कॅनरी बेटांपासून जपान साधारण साडेचार हजार किलोमीटरवर आणून ठेवलं. खरं अंतर वीस हजारांच्या घरात. १४९२ साली त्याला अडवणारे विद्वान बरोबर होते. वाटेत एक खंड आडवा आला म्हणून तो वाचला.

या वर्षी त्या मुलीने आधीच तयारी केली होती. तिचा मामा अजमेरला असतो. अजमेर पुण्याच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. इथली सावली नाहीशी झाली त्याच दुपारी मामाने तिकडे एक मीटरची लाकडी पट्टी ओळंब्यात उभी केली आणि सावली सर्वात आखूड झाली तेव्हा मोजून कळवली, साडेतेरा सेंटिमीटर. तिने कोन काढला, ७.७ अंश. नकाशावर अंतर पाहिलं, ८८० किलोमीटर. ३६० भागिले ७.७, गुणिले ८८०. उत्तर आलं ४१,१०० किलोमीटरच्या थोडं वर. खऱ्या घेराच्या तुलनेत तीन टक्क्यांचीही चूक नाही. मी खूश. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ती मात्र फोनकडेच बघत होती. "काका, हे ८८० गूगल मॅप्सने सांगितलं. त्याला पृथ्वी केवढी आहे हे आधीच माहीत असणार, त्याशिवाय त्याला अंतर काढताच येणार नाही. मग आपण काय मोजलं?"

मी रेल्वेच्या किलोमीटरच्या दगडांचं काहीतरी सांगू लागलो. रूळ वळणं घेत जातात, हे तिने मला दुसऱ्याच वाक्याला सांगितलं.