कमी चालणाऱ्या वाहनातील इंजिन ऑइलची बदल-मुदत

वर्षाकाठी जेमतेम दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या वाहनात ऑइल बदलण्याची किलोमीटरची मर्यादा कधी गाठलीच जात नाही. म्हणून तिथे मुदत काळावरून ठरवावी लागते. भारतातील बऱ्याच पेट्रोल मोटारींच्या माहितीपुस्तिकेत ‘१०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते’ अशी अट असते. तिचा उत्तरार्ध मालक सहसा विसरतात. ‘गाडी फिरलीच नाही, मग ऑइल कशाला बदलायचे?’ हा प्रश्न गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतो. वरवर पटणारा हा हिशेब इंजिनाच्या मुळावर येऊ शकतो.

सीलबंद डब्यातले ऑइल काही वर्षे चांगले राहते. इंजिनात मात्र त्यात बाहेरचे पदार्थ मिसळू लागतात. १ लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली ऑइलपर्यंत पोहोचते. इंजिन थंड असताना पेट्रोलही गरजेपेक्षा जास्त सोडले जाते आणि न जळलेला अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतो. ऑइल ९०-१०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून काही वेळ तसेच राहिले, तर पाणी आणि बरेचसे पेट्रोल उडून जाते. मुलांना दोन किलोमीटरवरच्या शाळेत सोडून परतणाऱ्या गाडीत ती वेळ येतच नाही. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण तो कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान दाखवतो. ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

साचलेल्या पाण्यात ज्वलनवायू मिसळून आम्ले तयार होतात. त्यांना मारण्यासाठी ऑइलमध्ये अल्कधर्मी पूरके घातलेली असतात, पण ती हळूहळू संपतात. त्यानंतर बेअरिंगच्या मऊ धातूवर झीज आणि गंज सुरू होतो. पेट्रोल मिसळल्याने ऑइल पातळ होते ते वेगळेच. सिंथेटिक ऑइल उष्णतेला जास्त काळ तोंड देते, पण पाणी आणि पेट्रोल त्यातही तसेच मिसळते.

ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आत लोण्यासारखा पिवळट थर दिसला, की गाडी पुरेशी तापत नाही असे समजावे. कूलंटची पातळी घटत नसेल, तर एवढ्यावरून हेड गॅस्केट (कूलंट ऑइलमध्ये झिरपू न देणारे इंजिनातले सील) गेल्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. डिपस्टिकवर (ऑइल मोजण्याच्या पट्टीवर) पातळी आपोआप वाढलेली दिसणे मात्र गंभीर आहे, कारण त्याचा अर्थ ऑइलमध्ये इंधन किंवा पाणी उतरत आहे. डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत हे विशेष पाहावे. फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल सोडले जाते, आणि छोट्या फेऱ्यांत ती प्रक्रिया पुन्हा पुन्हा अर्धवट तुटते. उलट, नुसता काळा रंग ऑइल संपल्याची खूण नव्हे. काजळी तरंगत ठेवणे हे त्याचे कामच आहे.

एकच मुदत सर्वांना लावता येत नाही. वर्षात ३,००० किमीच, पण पुणे-कोल्हापूरसारख्या लांब फेऱ्यांत चाललेल्या गाडीला वर्षातून एकदा ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलणे पुरते. तेवढेच अंतर गल्लीबोळांतल्या फेऱ्यांत कापणाऱ्या गाडीसाठी सहा महिन्यांची मुदत अधिक शहाणपणाची. अनेक कंपन्याही अशा वापराला ‘कठीण परिस्थिती’ मानून मुदत कमी करायला सांगतात. लहान मोटारीत लागणारे तीन-चार लिटर ऑइल इंजिनाच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही. बहुतेक मोटारसायकलींत तेच ऑइल क्लच आणि गिअरबॉक्सलाही वंगण देते, त्यामुळे त्यांची मुदत मोटारीवरून ठरवू नये.

मुलांकडे परदेशी जाताना गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर ऑइल परतल्यावर बदलण्यापेक्षा निघण्याआधी बदलावे, म्हणजे आम्लयुक्त जुने ऑइल तितका काळ बेअरिंगवर राहत नाही. शेजाऱ्याला ‘रोज पाच मिनिटे चालू करून ठेवा’ असे सांगून जाण्याची पद्धत सोडून द्यावी. जागच्या जागी पाच मिनिटे चाललेले इंजिन पाणी तयार करते, पण ते उडवण्याइतके तापत नाही. त्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदा मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास गाडी फिरवून आणायला सांगावे.