ठाण्याचे चार हुतात्मे आणि आपली वेलंकनीची गाडी

ऑगस्ट संपत आला की ठाण्यातल्या ख्रिस्ती घरांत दोनच विषय, वेलंकनीचं तिकीट कन्फर्म झालं का आणि बांद्र्याला कुठल्या दिवशी जायचं. तमिळनाडूतल्या वेलंकनीच्या मरियेचा सण २९ ऑगस्टला झेंडा चढवून सुरू होतो, ८ सप्टेंबरला संपतो, मग माउंट मेरीची जत्रा आठवडाभर, तिथे मोत माउलीला, म्हणजे मरियेला, मेणाचे हात-पाय, घरं, बाळं वाहायला आपले हिंदू शेजारीही असतातच. पण बाहेरगावी एवढी धावपळ करणाऱ्या ठाण्यातच १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघाचे धर्मबंधू, मारले गेले होते आणि त्यांच्या नावाने इथे यात्रा काही भरत नाही.

ते इथे यायला निघालेच नव्हते. टोलेन्टिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिब्लिसीचा डेमेट्रियस, ज्याला भाषा येत होत्या, हे चौघे इराणकडच्या होर्मुझहून जहाजाने केरळातल्या कोल्लमला निघाले होते, पण जहाज लागलं आपल्या ठाण्याला. इथे तेव्हा थोडी नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाची, ख्रिस्ती घरं होती, त्यातल्याच एका घरी उतरले, त्या घरातल्या नवरा-बायकोचं भांडण काझीकडे गेलं, साक्षीला यांचं नाव निघालं आणि तिथे विषय घसरला धर्मावर. वाद वाढला आणि एप्रिलमध्ये चौघांनाही ठार केलं. सोबतचा जॉर्डन, डॉमिनिकन या दुसऱ्या संघाचा धर्मबंधू, तेव्हा बाहेर होता म्हणून वाचला, त्याने परत येऊन सोपाऱ्याला, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याला, त्यांना पुरलं.

खरी गोष्ट पुढे आहे. काही वर्षांत ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन प्रवासी आला, त्याने ती हाडं उकरून काढली, स्वच्छ कापडात बांधली आणि थेट चीनला घेऊन निघाला. वाटेत वारा पडला, खलाशी म्हणाले वारा आला नाही तर ही हाडं समुद्रात टाकू, तेव्हा ओडोरिकने एक हाड गुपचूप नोकराकडून पाण्यात टाकायला लावलं आणि म्हणे लगेच वारा सुटला! हे त्याने १३३० मध्ये स्वतः सांगून लिहून घेतलंय, विश्वास ठेवायचा की नाही तुम्ही ठरवा. हाडं शेवटी झैतूनच्या, म्हणजे आजच्या च्वानचौच्या, फ्रान्सिस्कन मठात पोचली.

मला वाटतं इथे यात्रा न भरण्याचं एक कारण हेच, कबर नाही, अवशेष नाहीत, तर माणूस मेणबत्ती लावणार कुठे? त्यात पोर्तुगीज आले ते दोनशे वर्षांनी, तोवर इथे आठवण ठेवणारं कोण उरलं असणार. थॉमसला रोमने १८९४ मध्ये धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, तरी तलावपाळीच्या सेंट जॉनमध्ये मिस्साला जाणाऱ्या कितीजणांना त्याचं नाव माहीत असेल, शंकाच आहे.

पण नुसत्या हाडांवरही सगळं नसतं. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर मेले, १८६२ मध्ये संत झाले, देह इकडे आलाच नाही, तरी वसईत त्यांच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे. कारण ते वसईचं पोर होतं, आणि हे चौघे ठाण्याचे कोणीच नव्हते.