यादीत नाव नसेल तरी 'चॅलेंज व्होट'?

निवडणूक आली की एक मेसेज हमखास फिरतो: 'यादीत नाव नसेल तर आधार दाखवा, कलम 49अ खाली चॅलेंज व्होट मागा, टेंडर व्होट 14 टक्क्यांवर गेली तर फेरमतदान होते.'

मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, आणि यातले शब्दही खरे आहेत. अर्थ मात्र अदलाबदल झालेत.

1961 च्या निवडणूक नियमांतला 49अ हा नियम मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. 'चॅलेंज' आहे 49जे मध्ये, पण ते मतदार करत नाही. समोरचा माणूस तोतया आहे असं वाटलं, तर उमेदवाराचा पोलिंग एजंट 2 रुपये भरून हरकत घेतो. टेंडर व्होट म्हणजे प्रदत्त मत, नियम 49पी. तुमचं नाव यादीत आहे, पण आधीच कुणीतरी तुमच्या नावावर मत देऊन गेलंय, अशा वेळी ओळख पटवल्यावर कागदी मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात राहते, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. 14 टक्क्यांचा नियम कुठेच नाही.

आणि यादीत नावच नसेल तर? 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 62 स्पष्ट आहे: मत देता येत नाही. आधार ओळख पटवतं, नाव घालत नाही.

निवडणूक आयोगाच्या ॲपवर किंवा 1950 या हेल्पलाइनला फोन करून नाव आजच बघा. नसेल तर फॉर्म 6, म्हणजे नाव नोंदवण्याचा अर्ज, भरा. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते.