समजूत घातली, पण समजून घेतलं का?

घरात कुणी खचलेलं दिसलं की चार माणसं जमतात, तासभर बोलतात आणि चपला घालताना म्हणतात, "समजून घेतलं तिला, आता बरी आहे." घेतलेलं काही नसतं. समजूत घातलेली असते. ही दोन क्रियापदं इतकी शेजारशेजारची आहेत की एकाच्या नावावर दुसरं सर्रास खपतं.

समजूत घालणं आपल्याला जन्मजात येतं. "होईल सगळं ठीक", "देवावर भरवसा ठेव", "लोकांकडे बघ, त्यांचं काय काय असतं". रुसलेल्या पोरावर, नाराज जावयावर ते चालतंही. त्याबद्दल आणखी लिहायला नको.

लोकांना वाटतं, या दोहोंतला फरक आवाजात आहे. दरडावून बोललं तर समजूत, पाठीवर हात ठेवून हळू बोललं की समजून घेणं. पण अत्यंत मायेनं घातलेली समजूतही समजूतच असते. ओळखायची खूण वेगळी आहे: बोलणं संपल्यावर तुम्हाला आधी माहीत नव्हतं असं काय कळलं?

"वहिनी, रडू नका हो. सोन्यासारखी मुलं आहेत."
"हो ना. उगाच आपलं."

संपलं. वहिनींनी डोळे पुसले ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून. आता हेच दुसऱ्या वाटेनं:

"वहिनी, झोप लागते का?"
"लागते की. पण तीनला जाग येते."
"मग?"
"मग काय, उजाडेपर्यंत पडून राहायचं."
"कधीपासून?"
"दिवाळी झाल्यापासून असेल."

पहाटे अवेळी जाग येऊन पुन्हा झोप न लागणं ही नैराश्याची ओळखीची खूण. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली की डॉक्टर ती गंभीरपणे घेतात. तीन साध्या प्रश्नांत एवढं हाती आलं. पुढे जेवण कसं आहे, स्वयंपाक-नोकरी जमते का, हे विचारायचं. आणि मग तो प्रश्न, जिथे बहुतेकांची जीभ अडखळते.

"तसलं काही मनात नाही ना?" हे वाक्य ऐकलं की चिडायला होतं. हा प्रश्न नव्हेच, विनवणी आहे. शेवटच्या "ना"मध्ये हवं ते उत्तर आधीच भरलेलं असतं. समोरचा माणूस मुकाट्यानं तेच परत देतो. सरळ विचारावं: "जगूच नये, जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीपासून असेल, तर बोलायला जागा मिळते.

"हो" आलं तर "अगं, मुलांचा तरी विचार कर" हे ओठांवर येतं. ते गिळा. तीच समजूत मागच्या दारानं आलेली असते, आणि त्या बाईला आधीच वाटत असलेला अपराधीपणा वाढवते. त्याऐवजी कसं करायचं हे ठरवलंय का, त्याची तयारी केलीय का, हे विचारा. ठरलं असेल तर एकटं सोडू नका, फवारणीचं औषध आणि गोळ्यांची पाकिटं घराबाहेर हलवा, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पोलीस केसच्या धास्तीनं लोक लपवतात, म्हणून हेही सांगून ठेवतो: 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरतं, म्हणून तिला शिक्षा न करता तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतं.

एवढं विचारायला पदवी लागत नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेनं मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. सहा ते आठ भेटी, दिवस कसा जातो याची चौकशी आणि झेपतील अशी छोटी कामं ठरवणं. त्याचा नैराश्यावर झालेला उपयोग 2017 मध्ये प्रसिद्ध झाला.

मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांतला फरक एका ओळीचा: पहिले डॉक्टर असतात आणि औषध लिहून देतात, दुसरे बोलण्यातून उपचार करतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे "डॉक्टरला दाखवून घे" एवढंच म्हणणं हीसुद्धा समजूतच, वर हात झटकणं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते तुम्ही फोन करून विचारा. सोबत कोण जाणार ते ठरवा. जुने कागद, बीपी, शुगर, थायरॉईडच्या चालू गोळ्यांची नावं पिशवीत घाला. लगेच जाणं जमत नसेल तर टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात.

औषध सुरू झाल्यावर आणखी एक खड्डा आहे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, पोट बिघडणं मात्र पहिल्या काही दिवसांतच सुरू होतं. म्हणून आठव्या दिवशी पाकीट कपाटात जातं. "गोळी घेतलीस ना?" असं विचारलं तर "हो" येणारच. "गोळीनं मळमळतंय का गं?" असं विचारा. हो म्हणाली, तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना फोन लावा.